खुराडे : बांधावे की विकत घ्यावे?

मुलांनो, कोंबड्यांना रात्री ज्या लहानशा घरात कोंडतात, त्याला मराठीत 'खुराडे' म्हणतात. आपण घरी त्याला 'दडबा' म्हणतो. शब्द दोन असले तरी वस्तू एकच आहे. या खुराड्याविषयी मला आज माझे मत तुमच्यापुढे मांडायचे आहे.

विषय फार लहान आहे, असे तुम्हांला वाटेल. पण ज्या घरात पाच-सहा कोंबड्या आहेत, त्या घराला तो लहान वाटत नाही. अंडी विकून आलेल्या पैशांतून कधी एखादी वही येते, कधी औषध येते, कधी ईदसाठी बांगड्या येतात. बहुतेक घरांत हा पैसा अम्मीच्या किंवा दादीच्या हातचा असतो. तो खर्च करताना तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. खुराड्यावर जास्त खर्च झाला तर तो याच पैशातून जातो, आणि खुराडे कच्चे निघाले तर कोंबडीच जाते. म्हणून हा प्रश्न नीट विचार करून सोडवला पाहिजे.

आजकाल तयार खुराडी विकत मिळतात. लोखंडी सांगाडा, चारी बाजूंना जाळी, वर पत्रा आणि त्यावर हिरवा किंवा लाल रंग. दिसायला ती छान दिसतात. दुसरीकडे घरच्या घरी बांधलेले खुराडे असते. त्याला जुन्या फळ्या, बांबू, कवेलू, गोणपाट असे जे मिळेल ते लावलेले असते. दिसायला ते साधे असते. या दोहोंपैकी कोणते बरे?

माझे मत आधीच सांगतो. खुराड्याचा सांगाडा, छप्पर आणि जमीन घरी करावी. जाळी आणि कडी मात्र बाजारातून चांगल्यातली चांगली आणावी. हे मत मी कोणत्या कारणांनी बनवले, ते आता क्रमाने पाहू.

कोणतीही वस्तू बांधण्यापूर्वी किंवा विकत घेण्यापूर्वी ती कोणत्या कामासाठी हवी, हे विचारावे. कोंबड्या दिवसभर अंगणात, परसात फिरतात. किडे, दाणे, हिरवा पाला टिपतात. त्यांना घर लागते ते मुख्यतः रात्रीसाठी आणि अंडी घालण्यासाठी. संध्याकाळ झाली की कोंबडीला नीट दिसत नाही. ती एका जागी बसून राहते. अशा वेळी मांजर, मुंगूस, कुत्रा, घूस किंवा साप आला तर तिला पळताही येत नाही. म्हणून खुराड्याचे पहिले काम रक्षण करणे हे आहे.

पण शत्रू एवढेच नाहीत. आपल्या नागपुरात हवामानही कोंबडीचा शत्रू होऊ शकते. २३ मे २०१३ रोजी नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत गेले होते. २९ डिसेंबर २०१८ रोजी तेच तापमान ३.५ अंशांपर्यंत खाली आले होते. शहर एकच, पण दोन्ही आकड्यांत ४४ अंशांहून अधिक फरक! पावसाळ्यात तर कित्येक दिवस अंगणात चिखल असतो. जे खुराडे मे महिन्यात थंड राहील, जुलैत कोरडे राहील आणि डिसेंबरात ऊब धरील, तेच नागपूरचे खुराडे म्हणावे.

उन्हाळ्याची गोष्ट थोडी समजावून सांगतो. आपल्याला उकडले की घाम येतो आणि घाम वाळताना शरीर थंड होते. कोंबडीला घामच येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते. उकाडा वाढला की ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. तेवढाच तिचा उपाय. भोवतालची हवाच तिच्या अंगापेक्षा गरम झाली, तर हा उपाय अपुरा पडतो. ती खाणे सोडते, अंडी देणे थांबवते आणि कधीकधी मरतेही. आता विचार करा, मे महिन्याच्या दुपारी लोखंडी पत्र्याखाली अंडी घालायला बसलेल्या कोंबडीचे काय होत असेल? आपण स्वतः त्या वेळी कूलरसमोर बसलेलो असतो. कोंबडीला मात्र आपण तव्याखाली बसवतो.

तयार खुराड्याचा मोठा दोष हाच आहे. ते कोणत्या गावात, कोणत्या अंगणात जाणार, हे बनवणाऱ्याला माहीत नसते. ते कोकणातही जाईल आणि विदर्भातही जाईल. म्हणून तो सर्वांसाठी एकच नमुना करतो. पत्रा हलका असतो, लवकर बसतो, वाहून नेता येतो. त्यामुळे छप्पर पत्र्याचे होते. यात बनवणाऱ्याचा वाईट हेतू असतो असे नाही. पण आपल्या अंगणात ऊन कोठून येते, पाणी कोठे साचते, मांजर कोणत्या भिंतीवरून उतरते, हे आपल्याला ठाऊक असते. त्याला ते ठाऊक असणार नाही.

काही जण म्हणतील, "सर, आपल्याकडे म्हण आहे, महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार. मग तयार खुराडे एकदाच घेतलेले काय वाईट?" म्हण खरी आहे. पण ती कोठे लागू होते, तेही पाहिले पाहिजे. महाग वस्तू टिकाऊ असेल तरच ती म्हण खरी ठरते. तयार खुराड्याला पुष्कळदा षटकोनी छिद्रांची पातळ जाळी लावलेली असते. या जाळीमुळे कोंबडी बाहेर जात नाही हे खरे, पण शत्रू आत येत नाही असे नाही. आमच्या शेजारच्या खालांनी असेच एक सुंदर खुराडे विकत आणले होते. एका रात्री बोक्याने जाळीच्या छिद्रातून पंजा घातला आणि जाळीला टेकून बसलेल्या तलंगेला ओढले. सकाळी जाळी वाकलेली होती आणि खाली पिसे पडलेली होती. तलंग म्हणजे अंडी द्यायच्या वयाला आलेली तरुण कोंबडी. खालांनी महाग वस्तू घेतली होती, तरी त्यांना रडावे लागलेच.

आता थोडा हिशेब करू. गणिताच्या तासाला आपण 'समजा' म्हणतो ना, तसेच येथेही समजा. एका घरी पाच देशी कोंबड्या आहेत. देशी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. आपण ७० धरू. पाच कोंबड्यांची वर्षाची अंडी झाली ३५०. एका अंड्याला १२ रुपये मिळतात असे समजा. एकूण ४,२०० रुपये आले. त्यातील निम्मे पैसे कनकी, भरडा आणि औषध यांत गेले असे धरा. उरले २,१०० रुपये, म्हणजे महिन्याला १७५ रुपये.

समजा, तयार खुराड्याची किंमत ६,३०० रुपये आहे. ६,३०० ला १७५ ने भागा. उत्तर येते ३६ महिने. म्हणजे पूर्ण तीन वर्षे त्या कोंबड्या आपल्या घराचे भाडे फेडत राहतील! कोंबडी चांगली अंडी देते ती पहिली दोन-तीन वर्षेच. कर्ज फिटेपर्यंत ती म्हातारी होईल. अम्मीच्या हाती काय आले?

आता घरच्या खुराड्याचा हिशेब पाहा. समजा, चांगली जाळी ७०० रुपयांची आली. बांबू ३५० रुपयांचे, कड्या, बिजागऱ्या, खिळे आणि तार १५० रुपयांची, चुना आणि डांबर २०० रुपयांचे. फळ्या, कवेलू आणि गोणपाट घरातलेच जुने. एकूण खर्च १,४०० रुपये. त्याला १७५ ने भागले तर उत्तर येते ८ महिने. नवव्या महिन्यापासून अंड्यांचा नफा घरात येऊ लागेल. तुमच्या भागात भाव वेगळे असतील. तेव्हा हेच गणित तुमच्या बाजारातील भाव विचारून पुन्हा करा. आकडे बदलतील, पण रीत बदलणार नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. घरच्या हिशेबात मी मेहनतीचे पैसे धरले नाहीत. मेहनत फुकट नसते. असे खुराडे बांधायला दोन माणसांच्या दोन सुट्ट्या सहज जातात. ज्याला रोज मजुरीवर जावे लागते, त्याने एक दिवस घरी काढला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. पण शाळेच्या सुट्टीत तुमच्यासारखी दोन धडधाकट मुले-मुली मोठ्यांच्या मदतीला लागली, तर हा खर्च घराला जड जाणार नाही.

स्वस्त सामानाने चांगले घर होऊ शकते काय, अशी शंका तुमच्या मनात येईल. याचे उत्तर नागपूरहून फार दूर नाही. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. या गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले. तेथील आश्रमाची घरे माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची आहेत. हे सर्व सामान त्याच भागात मिळणारे होते आणि ते वापरण्याची कला गावच्या कारागिरांच्या हातात होती. तुम्ही सहलीला सेवाग्रामला गेलात तर उन्हाळ्यातही त्या झोपडीत पाऊल टाकून पाहा. जाड मातीची भिंत आणि कवेलूंचे छप्पर ऊन कसे अडवते, ते तेथे समजते. जे घर माणसाला चालले, ते कोंबडीला का चालू नये?

तर मग पाच कोंबड्या आणि एक कोंबडा यांच्यासाठी खुराडे कसे बांधावे, ते पाहू. रात्री बसण्यासाठी प्रत्येक पक्ष्याला सुमारे दोन चौरस फूट जागा धरावी. सहा पक्ष्यांना बारा चौरस फूट झाली. म्हणजे चार फूट लांब आणि तीन फूट रुंद खुराडे पुरते. त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. मग लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतात आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडते. पश्चिमेची बाजू बंद ठेवावी, म्हणजे दुपारची झळ आत येत नाही. अंगणात कडुनिंबाचे झाड असेल तर त्याच्या सावलीचा फायदा घ्यावा. ही सावली कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

खुराडे जमिनीवर ठेवू नये. दीड-दोन फूट उंचीच्या चार पायांवर ते उभे करावे. त्यामुळे पावसाचे पाणी आत शिरत नाही आणि खालून हवा खेळते. पायांना डांबर लावले तर वाळवी लवकर लागत नाही. प्रत्येक पायाभोवती पत्र्याचा गुळगुळीत पट्टा गुंडाळला तर उंदीर-घुशींना वर चढणे कठीण जाते. जमीन बांबूच्या कामट्यांची करावी आणि कामट्यांच्या खालून जाळी ठोकावी. किंवा फळ्या टाकून त्यांवर धानाचा तूस पसरावा. आपल्या पूर्वेला भंडारा आणि गोंदिया हे धानाचे जिल्हे आहेत, त्यामुळे तूस मिळायला अडचण पडत नाही. तूस ओला झाला की लगेच काढून टाकावा. तो झाडांना खत म्हणून उपयोगी पडतो.

छप्पर कवेलूंचे असेल तर उत्तम. पत्राच वापरायचा असेल तर त्याला वरून चुना लावावा. पांढरा रंग ऊन परतवतो. त्यावर बांबूचा तट्टा किंवा गवत अंथरावे. मे महिन्यात उघड्या बाजूला गोणपाट टांगून त्यावर दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपडावे. आपल्या घरांत पूर्वी वाळ्याच्या ताट्या लावत, त्यातलाच हा प्रकार आहे. छप्पर भिंतीपेक्षा एक फूट पुढे काढावे. पाऊस तिरपा आला तरी आत झोडपा येत नाही.

आत बसण्यासाठी गोल दांड्या बसवाव्यात. कोंबडीला रात्री दांडीवर बसायला आवडते. एका कोंबडीला दांडीवर आठ-नऊ इंच जागा लागते. सहा पक्ष्यांना नऊ इंचांप्रमाणे चोपन्न इंच झाले. आपले खुराडे अठ्ठेचाळीस इंच लांब आहे. म्हणून एक दांडी पुरणार नाही, दोन लागतील. आता कळले ना, गणित कोठे कामाला येते? दांड्या जाळीपासून दूर बसवाव्यात, म्हणजे मांजराचा पंजा पोहोचणार नाही. अंडी घालण्यासाठी फळांची लाकडी पेटी कोपऱ्यात ठेवून तिच्यात गवत घालावे. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. एखादी कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली तर इतरांसाठी दुसरी पेटी हवी.

आतापर्यंत मी काटकसर सांगितली. आता जेथे काटकसर करू नये, ती जागा सांगतो. ती जागा म्हणजे जाळी आणि कडी. जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची, जाड तारेची आणि जोडावर पक्की चिकटवलेली घ्यावी. इतवारीच्या लोहाओळीत किंवा कोणत्याही लोखंडी सामानाच्या दुकानात अशी जाळी मिळते. ती नुसत्या खिळ्यांनी अडकवू नये. कडेने लाकडी पट्टी ठोकून दाबून बसवावी. दाराला नुसता दोरा बांधू नये. मुंगूस फटीत तोंड घालून दार ढकलते, कुत्रा पायाने ओढतो. कडी-कोयंडा घट्ट असावा. खुराडे मजबूत आहे की नाही, हे त्याच्या सर्वांत कच्च्या जागेवरून ठरते. तीन भिंती किल्ल्यासारख्या आणि दार सुतळीचे, अशा घराचा काय उपयोग?

घरच्या खुराड्यांनाही दोष असतात, हे मला मान्य आहे. बांबूच्या फटींत गोचिडे लपतात. लोखंडी खुराडे पाण्याने धुता येते, बांबूचे तसे धुता येत नाही. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी आतून चुन्याचा हात द्यावा, फटींत चुना भरावा आणि अंगणात राखेचा लहान खड्डा करावा. कोंबड्या त्यात अंग घोळून स्वतःच किडे झटकतात. बांबू चार-पाच वर्षांत कुजतो, मग तो बदलावा लागतो. पण घरी बांधलेल्या वस्तूचा एक कुजलेला दांडा बदलणे सोपे असते, कारण तो कसा बसवला होता हे बांधणाऱ्याला ठाऊक असते.

काही घरांनी तयार खुराडेच घ्यावे, असेही मला वाटते. जे भाड्याच्या घरात राहतात आणि दर वर्षी घर बदलतात, त्यांना उचलून नेता येणारे लोखंडी खुराडे सोयीचे पडते. ज्या घरात फक्त म्हातारी माणसे आहेत, हातोडी धरणारे कोणी नाही, त्यांनीही ते घ्यावे. पण घेताना जाळीची छिद्रे बोटाने मोजून पाहावीत, कडी ओढून पाहावी, आणि घरी आणल्यावर पत्र्यावर सावली करावी. विकत घेणाऱ्यालाही वस्तूची पारख हवीच. आणि पारख ज्याने एकदा हाताने काम केले आहे त्याला लवकर येते.

येथे मला माझ्या मनातील खरी गोष्ट सांगायची आहे. पुष्कळ घरांत मुलांना म्हणतात, "तू शिकतो आहेस ना? मग हातोडी-करवत हाती घेऊ नकोस. ते मजुरांचे काम आहे." हे ऐकून मला वाईट वाटते. मोमीनपुरा आणि कामठीतील आपले कितीतरी वाडवडील हातमागावर लुगडी विणत. त्यांच्या हातांच्या कष्टांवर घरे उभी राहिली. मग त्यांच्या नातवंडांना हाताच्या कामाची लाज का वाटावी?

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षणाविषयी एक मोठी परिषद भरली होती. मुलांना पुस्तकांबरोबर हस्तव्यवसायातून शिक्षण मिळावे, हा विचार गांधीजींनी तेथे मांडला. या विचाराची योजना तयार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसैन. ते दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे प्रमुख होते. पुढे १९६७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. 'अब्बू खाँ की बकरी' ही उर्दू गोष्ट त्यांनीच मुलांसाठी लिहिली. एवढा विद्वान माणूस म्हणत होता की, मुलाचा हात आणि मुलाचे डोके एकाच वेळी शिकले पाहिजे.

खुराडे बांधताना हेच घडते. क्षेत्रफळ काढावे लागते, तेव्हा गणित येते. ऊन कोठून येते ते पाहावे लागते, तेव्हा भूगोल येतो. कोंबडी धापा का टाकते हे समजले की विज्ञान येते. खर्चाची यादी मराठीत लिहिली की भाषाही येते. तयार खुराडे विकत घेतले तर यांतले काहीच शिकायला मिळत नाही, फक्त पावती मिळते.

एक सावधगिरी मात्र दोन्ही प्रकारच्या खुराड्यांना सारखीच लागू आहे. कितीही चांगले खुराडे रोग थांबवू शकत नाही. रानीखेत या रोगाला मराठीत 'मानमोडी' म्हणतात. त्यावर लस मिळते आणि ती वेळेवर टोचून किंवा पाजून घ्यावी. बर्ड फ्लूची गोष्ट अधिक गंभीर आहे. भारतात कोंबड्यांमध्ये हा रोग पहिल्यांदा आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच राज्यातील नवापूर येथे. मार्च २०२४ मध्ये नागपूरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात तो आढळला. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले. तपासणीत त्यांना बर्ड फ्लू झाल्याचे दिसले. तेव्हा हा रोग दूरच्या देशाचा आहे, असे समजू नका.

म्हणून पिण्याचे पाणी आणि दाणे छपराखाली ठेवावेत, म्हणजे रानपाखरांची विष्ठा त्यांत पडणार नाही. खुराडे साफ करताना नाकातोंडावर कापड बांधावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर त्यांना हात लावू नये, विकू नये, उकिरड्यावर फेकू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठही २००० सालापासून येथेच आहे. जाणकार माणसे आपल्या इतक्या जवळ असताना ऐकीव गोष्टींवर का विसंबावे?

शेजाऱ्यांचाही विचार करा. दाट वस्तीत खुराड्याचा वास पसरला किंवा पहाटे कोंबडा आरवला, तर कुरबुर होते. कोंबडे डालग्याखाली झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी मराठीत म्हण आहे. तसाच वासही झाकून राहत नाही. रोज सकाळी विष्ठा काढून खतखड्ड्यात टाकावी, शेजाऱ्याच्या भिंतीला लागून खुराडे बांधू नये. शहरात राहणाऱ्यांनी महानगरपालिकेचे नियमही विचारून घ्यावेत. आणि कधीतरी चार अंडी शेजाऱ्याकडेही पाठवावीत.

तर मुलांनो, माझे मत तुम्ही ऐकले. ते तुम्ही मान्य केलेच पाहिजे असे नाही. पण यंदाच्या सुट्टीत तुमच्या घरी खुराड्याचा प्रश्न निघाला, तर लगेच दुकानाकडे धावू नका. आधी अंगणात उभे राहून ऊन पाहा, पाण्याची वाट पाहा, मांजराची वाट पाहा. घरात कोणते जुने सामान पडले आहे ते पाहा. मग कागदावर हिशेब मांडा आणि तो अम्मीला दाखवा. कारण अंड्यांचा पैसा तिचा आहे, आणि तो कशावर खर्च करायचा हे तिनेच ठरवायचे आहे.

स्वाध्याय

१. कोंबडीला उन्हाळा अधिक का सोसावा लागतो, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
२. लेखकाच्या मते कोणत्या दोन वस्तूंवर काटकसर करू नये? का?
३. दहा कोंबड्यांसाठी किती चौरस फूट जागा आणि किती इंच दांडी लागेल? हिशेब करून दाखवा.
४. 'महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार' या म्हणीविषयी लेखकाचे म्हणणे तुम्हांला पटते काय? तुमचे मत दहा ओळींत लिहा.
५. तुमच्या बाजारातील भाव विचारून खुराड्याच्या सामानाची यादी मराठीत तयार करा.